शिंगं कोणाच्या रानातली?

अमेरिकेत शिकाऱ्याच्या घरी भिंतीवर शिंगं दिसली, की दुसरा शिकारी आधी ती किती इंची ते विचारतो आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: सरकारी रानातली की खाजगी? उत्तर ‘सरकारी’ आलं की मान वाढतो. तो रास्त आहे का, हे ठरवायचं तर आधी तिथल्या जमिनीकडे बघायला हवं.

तिथल्या कायद्यात जंगली हरीण जमीनमालकाचं नसतं. न्यू जर्सीत कालवांवरून झालेल्या भांडणात १८४२ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, तेव्हापासून हा विचार रुजत गेला: वन्य जीव ही जनतेची ठेव, राज्य तिचं विश्वस्त. हरीण सगळ्यांचं, वाट मात्र ज्याची जमीन त्याची. टेक्सासात ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी, त्यामुळे शिकारीसाठी बहुधा मालकाला वर्षाचा मक्ता द्यावा लागतो. नेवाडात ८० टक्के जमीन केंद्र सरकारची. केंद्राच्या एकट्या भूव्यवस्थापन खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर आहेत, महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त.

या सरकारी रानात शिरायला मक्ता लागत नाही, शिकारीचा परवाना लागतो. एल्क या मोठ्या हरणाचा चांगल्या भागातला परवाना सोडतीत निघतो, आणि त्यासाठी कित्येक वर्षं थांबणारे लोक आहेत. मग अंधारात डोंगर चढावा, तर पुढच्या धारेवर आधीच दुसऱ्याची बॅटरी दिसते. जनावर मिळालंच, तर शंभर किलोच्या घरातलं मांस पाठीवरून खेपा करत खाली आणायचं. असे दिवस काढलेल्या माणसाला त्या शिंगांत अख्खा डोंगर दिसतो, हे मला पटतं.

खाजगी म्हणजे आयतं, हे मात्र पटत नाही. स्वतःच्या मक्याच्या कडेला दिसणाऱ्या नराला दोन-तीन हंगाम सोडून देणारे, तो पाच-सहा वर्षांचा होऊन शिंगं भरेपर्यंत थांबणारे शेतकरी तिथं आहेत. तेवढ्यात तो बांध ओलांडून शेजाऱ्याच्या गोळीला बळी पडू शकतो. आठ फुटी कुंपणात खुराक घालून वाढवलेल्या नराची गोष्ट निराळी. थिओडोर रूझवेल्टनं १८८७ मध्ये स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब अशा जनावराची विक्रमात नोंदच घेत नाही. जनावराला निसटायची खरी संधी हवी, हा त्यांचा दंडक, आणि माझ्या मते खरी रेघ हीच. सातबारा कुणाच्या नावावर आहे, याने ती ओढली जात नाही.

युटा राज्यातल्या मनरो डोंगरावर २००८ साली मारलेल्या एल्कनं जागतिक विक्रम केला. शिंगांचं माप ४७८ इंचांहून अधिक. रान सरकारीच होतं, पण शिकाऱ्यानं सोडतीबाहेरच्या परवान्यासाठी दीड लाख डॉलर मोजले होते. सोडतीत नाव निघायची वाट बघणाऱ्या सुताराची शिकार आणि ही शिकार एका पारड्यात कशी घालायची?

मग सरकारी रानाचं मोल कशात? कुणीही आत जाऊ शकतो, यात. आपल्याकडे दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान होतं, तिथं सामान्य माणसानं बंदूक घेऊन जाण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १९७२ च्या कायद्यानं शिकार जवळजवळ सगळ्यांनाच बंद झाली. अमेरिकेत मात्र सरकारी रानात जाण्याचा हक्क अजून कोर्टात लढवला जातो.

वायोमिंगमधली लढाई सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या कडेनं एक सोडून एक चौरस मैल जमीन दिली गेली, आणि नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झाला. सरकारी घरं फक्त कोपऱ्याला कोपरा लागून. २०२१ साली मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनजवळ अशा कोपऱ्यावर शिडी लावली आणि खाजगी जमिनीला पाय न लावता एका सरकारी तुकड्यातून दुसऱ्यात उतरले. मालकानं दावा लावला. त्याचं म्हणणं, पाय लागला नसला तरी माझ्या हवेतून गेलात. फौजदारी खटलाही झाला, त्यात ज्यूरीनं चौघांना निर्दोष सोडलं. दिवाणी दावा मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयात त्यांच्या बाजूनं लागला. निकालाचा आधार होता सार्वजनिक जमिनीभोवती कुंपण घालण्याला मनाई करणारा १८८५ चा कायदा. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालकाचं अपील ऐकायला नकार दिला.

त्या अपील न्यायालयाच्या कक्षेत वायोमिंगसह सहा राज्यं येतात. माँटाना येत नाही, आणि तिथला कोपरा अजून मोकळा झालेला नाही.