पाऊस एकच, तयारी वेगवेगळी

मृगात पेरलं, मग तीन आठवडे ढग फिरकलेच नाहीत आणि काढणीच्या वेळी उभ्या सोयाबीनमध्ये पाणी. असं वर्ष आपल्या किनवट भागाला आता नवीन नाही. पण पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, मग एक घर सावरतं आणि शेजारचं कर्जात का जातं?

पहिलं कारण जमीन. काळं रान ओल धरतं, पण अतिवृष्टीत तिथंच पाणी तुंबतं. माळाची मुरमाड जमीन पावसाचा खंड पडला की लगेच सुकते. म्हणून काळ्या रानात रुंद सरी वरंबा आणि माळावर ज्वारी-तुरीसारखं मिश्र पीक बरं.

दुसरं कारण कागद. सातबारा नसला की पीककर्ज अडतं, ठिबकचं अनुदान अडतं. आपल्याकडे गोंड, कोलाम, आंध घरं वनजमीन कसतात. 2006 च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असतो. घरच्या जमिनीवर बायकोचं नाव लावायला 1992 पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. राबतो आपण, पण कागदावर नाव नसेल तर योजना आपल्या दारापर्यंत येत नाही.

तिसरं, हातातला पैसा. दुबार पेरणीला बियाण्याची दुसरी बॅग लागते. ज्या घरी चार शेळ्या किंवा थोडी बचत आहे, ते घर निभावतं. ज्याला सावकाराचं देणं आहे, ते सगळं रान नगदी पिकाखाली घालतं. ते पीक गेलं की खायचे दाणेही विकतच आणावे लागतात.

चौथं, माहिती. हवामानाचा अंदाज मोबाईलवर येतो, पण मोबाईल घरधन्याच्या खिशात. कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या घरी कोलामी, कुणाच्या घरी बंजारा बोली. मराठीतला मजकूर वाचायचा कुणी? शिक्षण कमी म्हणजे अक्कल कमी नव्हे, पण माहिती उशिरा पोचते आणि पेरणी तर थांबत नाही.

हे बदलता येतं. 1993 च्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत लातूर-धाराशिवच्या बायकांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घेतलं. त्यात डाळी, धान्य, भाजीपाला लावला. त्या तुकड्यात काय पेरायचं, हे त्या ठरवू लागल्या. या कामाला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आपण गटात तीन कामं करू. एक, घरच्या सोयाबीनचे 100 दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण तपासू. 70 किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही. दोन, मोबाईल वाचता येणारी एक मैत्रीण अंदाज ऐकवेल, तोही ज्या-त्या बोलीत. तीन, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला सातबारा किंवा पट्टा आणायचा. त्यावर नाव कुणाचं आहे, ते मिळून वाचू. ज्यांचं नाव नाही, त्यांचा अर्ज तिथंच लिहायला घेऊ.