बोगदे, लेणी आणि घाटवाटांची चित्रकार्डे

कुणी तिकिटे जमवतो, कुणी काड्यापेटीचे छाप, तर कुणी समुद्रावरचे शिंपले. आज एका वेगळ्या छंदाची माहिती घेऊ या. चित्र असलेली पोस्टकार्डे जमवायची; पण सरसकट नाही. फक्त बोगदे, लेणी आणि जगावेगळ्या वाटा यांचीच!

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बोगदे कुठं आहेत? खरं आहे. बोईसरहून गाडीत बसा, थेट चर्चगेटपर्यंत एकही बोगदा लागत नाही. आपला लोहमार्ग किनाऱ्याच्या सपाटीवरून गेला. म्हणून त्याला खाड्यांवर पूल बांधावे लागले. वैतरणेचा पूल तुम्ही पाहिलाच असेल. पुण्या-नाशिककडे जाणाऱ्या मार्गांसमोर मात्र सह्याद्री आडवा उभा. तिथं डोंगर पोखरण्यावाचून इलाज नव्हता.

जगातले पहिले पोस्टकार्ड १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. आपल्या देशात ते १ जुलै १८७९ पासून मिळू लागले. किंमत फक्त पाव आणा! पुढे चित्रांची कार्डे आली. १९०० च्या सुमारास मुंबईची क्लिफ्टन आणि कंपनी अशी कार्डे छापीत असे.

त्या काळच्या कार्डांवर एक चित्र पुष्कळदा दिसते. ते म्हणजे बोरघाटातले 'रिव्हर्सिंग स्टेशन'. आता ही काय गंमत, ते ऐका. हा घाट १८६३ साली रेल्वेला खुला झाला. खंडाळ्याजवळ चढ फार, आणि गाडीला वळायला जागा नाही. मग गाडी एका टोकापर्यंत न्यायची, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला जोडायचे आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. १९२९ साली नवे बोगदे काढून मार्ग बदलला आणि हे स्टेशन बंद पडले. आज ते कसे होते हे कळते ते अशा जुन्या चित्रांवरूनच. म्हणून जुने कार्ड रद्दीत टाकू नये, बरं का!

पण कार्डावर सगळेच दिसत नाही. हा घाट फोडताना हजारो मजूर राबले. सुरुंग, कडे आणि पटकीची साथ यांत त्यांतले कितीतरी दगावले. चित्रात दरी दिसते, कमान दिसते, धूर दिसतो. ती कमान बांधणारा दिसत नाही. कार्ड हाती घेतले की त्याचीही आठवण ठेवावी.

संग्रहात आणखी काय असावे?
१) पारसिकचा बोगदा. ठाण्यापुढचा हा बोगदा १९१६ सालचा. लांबी सुमारे १.३ कि.मी.
२) माथेरानची छोटी गाडी. १९०७ साली सुरू झाली. रूळ फक्त दोन फुटांच्या अंतराचे.
३) कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा. लांबी साडेसहा कि.मी.
४) लेणी. बोरिवलीजवळची कान्हेरी, घारापुरी, कार्ले, अजिंठा, वेरूळ.
५) नाणेघाट. आपल्या जिल्ह्यातले सोपारा हे पुरातन बंदर. तिथला माल या घाटाने जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे.

कार्ड मिळाले की आधी त्याची पाठ वाचा. मध्ये उभी रेघ असून एका बाजूला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला पत्ता असेल, तर ते १९०२ नंतरचे समजावे. ही पद्धत त्या साली इंग्लंडात निघाली आणि मग इतर देशांत पसरली. त्याआधी पाठीवर नुसता पत्ता लिहीत. ख्यालीखुशालीचे दोन शब्द चित्राच्या कडेला कसेबसे मावत. पोस्टाचा शिक्का तारीख सांगतो, म्हणून तिकीट कापून काढू नका.

कार्डे डिंकाने चिकटवू नका. वहीच्या पानाला कागदाचे चार कोपरे करून त्यांत बसवा. आपल्याकडे खारी हवा आणि पावसाळा लांबलचक, तेव्हा वही कोरड्या डब्यात ठेवा. नाहीतर बुरशी आलीच!

विकत घ्यायला पैसे नाहीत? हरकत नाही. साधे पोस्टकार्ड आणा आणि त्यावर स्वतः चित्र काढा. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठी आपल्या पालघर जिल्ह्यात डोंगरांतून ७ बोगदे आखलेले आहेत. बोईसरला तिचे स्टेशनही होणार आहे. बोगद्याच्या जागी आधी डोंगर कसा होता, वाट कुठून जाई, कुणाचे शेत होते, हे आजी-आजोबांना विचारा आणि ते कार्डावर काढा. काम करणारी माणसेही चित्रात घ्या. मागे तारीख, गाव आणि आपले नाव लिहा. म्हणजे पुढे कुणाच्या हाती ते कार्ड पडले, तर त्याला सगळे समजेल.