गीतकार माइकसमोर

‘किंग क्रिम्झन’ या ब्रिटिश रॉक बँडला ते नाव पीट सिनफिल्डनं दिलं. बँडची गाणी त्यानं लिहिली, कार्यक्रमांत प्रकाशयोजना सांभाळली, व्हीसीएस-३ सिंथेसायझरही हाताळला. फक्त गायला नाही. १९६९च्या पहिल्या अल्बममधले त्याचे शब्द ग्रेग लेकच्या भरदार गळ्यातून लोकांपर्यंत पोहोचले. लेक गेल्यावर गॉर्डन हॅस्केल आला, मग बॉझ बरेल. गायक बदलत राहिले, लिहिणारा तोच. पुढे बँडचा गिटारवादक असलेल्या रॉबर्ट फ्रिपशी बिनसलं आणि १९७१ सरता सरता लिहिणाराही बाहेर पडला.

त्यानंतर ‘रॉक्सी म्युझिक’च्या पहिल्या अल्बमची निर्मिती करून १९७३ साली तो स्वतःच माइकसमोर उभा राहिला. अल्बमचं नाव ‘स्टिल’. तो काढला ‘इमर्सन, लेक अँड पामर’ या त्रयीच्या ‘मँटिकोर’ कंपनीनं. म्हणजे जुना दोस्त लेक इथंही मदतीला होताच.

शब्दांची ददात त्याला कधीच नव्हती. खरी अडचण चालींची. आजवर चाल लावायला फ्रिप होता, बँडमधलाच इयन मॅकडोनाल्ड होता. आता एकट्यानं काय करायचं? सिनफिल्डची उत्तरं ऐकण्यासारखी आहेत. ‘द साँग ऑफ द सी गोट’साठी त्यानं थेट विवाल्दीचं दार ठोठावलं. ल्यूट या तंतुवाद्यासाठी लिहिलेल्या कॉन्चेर्तोतला संथ भाग घेतला आणि त्यावर शब्द बसवले. ‘अंडर द स्काय’ला मॅकडोनाल्डची जुनी चाल चालून गेली. सॅक्सोफोन आणि बासरीला मेल कॉलिन्स, पियानोला कीथ टिपेट, बेसवर जॉन वेटन, ड्रम्सवर इयन वॉलेस. ज्या बँडनं बाहेरची वाट दाखवली, त्याचेच आजी-माजी वादक याच्या स्टुडिओत! माणूस गोड असावा, नाहीतर हिशेबी. बहुधा दोन्ही.

आणि आवाज? बारीक, हळवा, थोडा कापरा. लांब स्वर तो पेलत नाही. ओळ अर्धी गातो, अर्धी बोलतो. पण प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येतं. शब्दावर कुठं रेंगाळायचं आणि कुठून निसटायचं, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. शीर्षकगीतात लेकचा आवाज मिसळतो तेव्हा दोन गळ्यांतलं अंतर लपत नाही. गायक म्हणून लेक केव्हाही सरस. तरी त्या गाण्यातला संकोच सिनफिल्डच्या तोंडीच खरा वाटतो.

‘होलफूड बूगी’ मात्र फसलं. आरोग्यदायी खाण्याच्या तेव्हाच्या फॅशनची टिंगल ठीक आहे, पण बूगीला लागणारी मस्ती या गळ्यात नाही.

गायक म्हणून गाण्यांचा दुसरा अल्बम त्यानं काढला नाही. शब्द पुन्हा दुसऱ्यांच्या गळ्यात गेले आणि तिथं भलतेच फळले. ‘बक्स फिझ’ या पॉप गटाचं ‘द लँड ऑफ मेक बिलीव्ह’ १९८२मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. १९९५मध्ये सेलिन डिऑनचं ‘थिंक ट्वाइस’ तिथंच सलग सात आठवडे ठाण मांडून बसलं. दोन्हींना सहलेखक-संगीतकार अँडी हिलची साथ होती.

नोव्हेंबर २०२४मध्ये सिनफिल्ड गेला. ‘स्टिल’ ऐकायचा असेल तर ‘सी गोट’पासून सुरुवात करावी, मग शीर्षकगीत. ‘होलफूड बूगी’ वगळलं तरी चालेल.