लग्नाच्या शूटची पहिली ऑर्डर: घ्यायची की सोडायची? नवख्या फोटोग्राफरसाठी हिशेब

हुबळी-धारवाड : तुळशीचं लग्न लागलं की जुळ्या शहरांतली कार्यालयं, कल्याण मंटप एकापाठोपाठ एक भरू लागतात. मुहूर्त मोजकेच, त्यामुळे एकाच तारखेला दहा ठिकाणी मांडव. नावाजलेले स्टुडिओ महिनोन्‌महिने आधीच बुक झालेले असतात. मग फोन जातो तो गल्लीतल्या, कॉलेजातल्या, नुकताच कॅमेरा घेतलेल्या पोराला. "तू फोटो छान काढतोस की! आमच्या पोरीचं लग्न तूच कर."

ऐकायला बरं वाटतं. पण फोन ठेवल्यावर पोटात गोळाही येतो. ही ऑर्डर घ्यावी का? याचं उत्तर 'हिंमत कर' किंवा 'घाई नको' एवढ्यावर देता येत नाही. त्यासाठी चार गोष्टी तपासून बघाव्या लागतात.

फोन आपल्यालाच का आला?

पहिला प्रश्न हाच. मोठ्या स्टुडिओकडे तारीख नाही म्हणून आला, आपले फोटो बघून आला, की स्वस्तात होईल म्हणून आला? तिन्ही कारणं गैर नाहीत, पण तिन्हींतल्या अपेक्षा वेगळ्या असतात. ज्यांना स्टुडिओ मिळाला नाही, त्यांच्या डोळ्यापुढे स्टुडिओचंच काम असतं. दोन कॅमेरे, व्हिडिओ, ड्रोन, अल्बम, सगळं. समोरच्याने आपले कोणते फोटो पाहिलेत, हे स्पष्ट विचारावं. उणकलच्या तळ्यावरचा सूर्यास्त किंवा मित्राचे पोर्ट्रेट पाहून लग्नाचं काम देत असतील, तर लग्नाचे फोटो अजून काढलेले नाहीत हे त्यांना आधीच सांगितलेलं बरं.

कोणता प्रसंग परत येत नाही?

बारसं, डोहाळजेवण, वाढदिवस यांत एखादा फोटो हुकला तर "परत एकदा बघा इकडे" म्हणता येतं. अंतरपाट दूर होतो आणि अक्षता पडतात, तो क्षण दुसऱ्यांदा येत नाही. त्यात आपल्याकडे मुलगा मराठी, मुलगी कन्नड अशी लग्नंही होतात. भटजी आणि जंगमस्वामी यांचे विधी वेगळे, क्रम वेगळा. हळद कधी, मंगळसूत्र कधी, वडीलधारी कुठे बसणार, हे आदल्या दिवशी विचारून कागदावर उतरवलं नाही, तर नवखा माणूस चुकीच्या बाजूला उभा सापडतो.

दुसरी अडचण उजेडाची. संध्याकाळच्या रिसेप्शनला कार्यालयात रंगीत दिवे असतात आणि चेहरे जांभळे-निळे पडतात. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स झूम केल्यावर बहुधा एफ ५.६ वर येते. पन्नास मिलिमीटरची एफ १.८ लेन्स तिच्यापेक्षा जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणून ती भाड्याने तरी आणावी. हलणारी माणसं स्पष्ट यायला शटर साधारण १/१२५ सेकंदाच्या खाली नेऊ नये. फोटो रॉ फाइलमध्ये घेतले तर रंग नंतर बऱ्यापैकी सावरता येतात. हे सगळं त्याच कार्यालयात, त्याच वेळेला, दुसऱ्या कुणाच्या तरी कार्यक्रमात परवानगी घेऊन करून पाहावं. तिथे दहातले सात-आठ फोटो नीट येत नसतील, तर लग्नाच्या दिवशी चमत्कार होणार नाही.

आणि कॅमेरा बंद पडला तर? दुसरा कॅमेरा, जादा बॅटऱ्या, दोन कार्डं हाताशी नसतील तर मुख्य फोटोग्राफर म्हणून ऑर्डर घेऊ नये. रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची धरली, तर दीड हजार फोटोंना चाळीस-पंचेचाळीस जीबी जागा लागते. घरी आल्याबरोबर दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करावी, आणि ती उघडून तपासल्याशिवाय कार्ड पुसू नये.

पैशाचा हिशेब

समजा, दोन दिवसांच्या कामाचे १५,००० रुपये ठरले. आकडा मोठा वाटतो. आता खर्च मांडू. लेन्स आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचं भाडं ३,०००, मदतनीस २,०००, येणं-जाणं आणि जेवण १,०००, कार्ड-हार्ड डिस्क १,५००. उरले ७,५००. रात्री उशिरा हुबळीहून धारवाडला परतताना चिगरी बस मिळेलच असं नाही, म्हणून प्रवासखर्चात हात आखडता घेऊ नये.

आता तास मोजा. कार्यक्रमाचे वीस, आधीच्या भेटीगाठी आणि जागा बघण्याचे तीन. चारशे फोटो निवडून सुधारायला प्रत्येकी चार मिनिटं धरली तरी सत्तावीस तास. एकूण पन्नास. म्हणजे तासाला १५० रुपये. त्यात "अल्बम पण देऊन टाक" म्हणून ५,००० चा अल्बम आपल्या खिशातून गेला, की उरतात २,५०० आणि तासाला ५० रुपये. हे आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपले टाकून बघावेत. शिकण्यासाठी कमी पैशांत काम करायला हरकत नाही, पण किती कमी, हे आधी माहीत असावं.

जीएसटीची भीती अनेकांना असते. कर्नाटकात केवळ सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर नोंदणी सक्तीची नाही. हुबळीच्या फोटोग्राफरने कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या घरचं काम घेतलं तरी सेवेसाठी हीच मर्यादा लागू होते. अल्बमसारखा माल वेगळा करून परराज्यात विकला तर गणित बदलू शकतं. तेव्हा कर सल्लागाराला विचारावं.

जबाबदारी कुठवर?

"ओळखीतलंच आहे, लिहून कशाला?" इथेच बहुतेक भांडणं उगवतात. पैसे घेतले की समोरचा ग्राहक होतो. फोटो हरवले किंवा कबूल केलेलं दिलं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीची तक्रार होऊ शकते. या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे लग्न हुबळीत आणि वऱ्हाड सांगलीचं असेल, तर तारखांना सांगलीला जावं लागू शकतं. निव्वळ फुकट दिलेली सेवा या कायद्यात येत नाही. पण फुकट काम बिघडलं तर नात्यात येणारी कटुता कोणत्याच कायद्यात बसत नाही.

फोटो कुणाच्या मालकीचे, यावरही गैरसमज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे आपणच काढलेले फोटो आपल्या पेजवर जाहिरातीसाठी टाकायचे असतील तर तसं आधी लिहून घ्यावं. नाव न मिळण्याची गोष्ट जुनीच आहे. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

ड्रोनचा आग्रह झाला तर विशेष सावध. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. हुबळीचा विमानतळ गोकुळ रोडवर आहे आणि त्याच भागात कार्यालयंही आहेत.

लेखी काय असावं?

वकील लागत नाही. व्हॉट्सअॅपवर मराठीत किंवा कन्नडमध्ये एवढं लिहून समोरच्याकडून 'मान्य' घेतलं तरी पुष्कळ झालं :

- तारीख, जागा, कामाचे तास आणि कोणकोणते विधी
- सुधारलेले फोटो किती आणि किती दिवसांत मिळणार
- अल्बम, व्हिडिओ, ड्रोन धरलेले आहेत की नाहीत
- एकूण रक्कम, विसार किती, बाकी कधी
- आजारपण किंवा कॅमेऱ्याचा बिघाड झाला तर काय करायचं
- फोटो आपल्या पेजवर टाकायला परवानगी आहे का

मधला रस्ता

हो आणि नाही यांच्यामध्ये तिसरी वाटही आहे. एखाद्या स्टुडिओसोबत दुसरा कॅमेरा म्हणून चार-पाच लग्नं करायची. पैसे कमी मिळतात, पण अक्षतेचा मुख्य फोटो आपल्या डोक्यावर नसतो, आणि गर्दीत कुठे उभं राहायचं हे कळतं. किंवा लग्नाऐवजी बारसं, साखरपुडा, मुंज अशी छोटी कामं आधी घ्यायची.

आलेल्या फोनला उत्तरही तसंच देता येतं : "काका, तारीख मोकळी आहे, पण मुख्य कामाला अजून माझा हात बसलेला नाही. अक्षतेला एखादा जाणता फोटोग्राफर बघा. हळद आणि घरच्यांचे फोटो मी करतो." यात काकांचा अपमान होत नाही, आणि पुढच्या वर्षी बारशाला फोन येण्याची वाट उघडी राहते.

जागा बघून झाली, दुसरा कॅमेरा हाताशी आहे, तास मोजून रक्कम परवडते आणि अटी लेखी मान्य झाल्या, तर ऑर्डर जरूर घ्यावी. यातली एकही गोष्ट अपुरी असेल तर ती पुरी होईपर्यंत विसार घेऊ नये. मात्र होकार असो की नकार, दोन दिवसांत कळवावा. मुलीच्या घरच्यांना दुसरा फोटोग्राफर शोधायला तेवढा वेळ मिळालाच पाहिजे.