मारुती ८०० आणि मल्टिमीटर

मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत ग्राहकाच्या ताब्यात गेली; किल्ल्या तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्या. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन असलेली ही छोटी गाडी तीस वर्षे बनत राहिली. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४ चे निकष १३ शहरांत लागू झाले. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती, आणि तिथे नव्या ८०० ची विक्री थांबली. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनही बंद झाले. आज सोसायटीच्या कोपऱ्यात टायर बसलेल्या अवस्थेत धूळ खात पडलेली ८०० थोडक्या पैशांत मिळते, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असणाऱ्याला शिकण्यासाठी तिच्याइतकी चांगली गाडी क्वचितच सापडेल. कार्बोरेटरच्या मॉडेलची सगळी वायरिंग एका मोठ्या कागदावर मावते आणि जवळजवळ प्रत्येक जोडापर्यंत हात पोहोचतो.

असा छंदिष्ट गाडी हाती येताच बॉनेट उघडून वायरी चाचपू लागतो, पण सुरुवात तिथून करू नये. आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून वर्षानुवर्षे उभ्या गाडीतले ते पूर्ण बदलावे लागते. रबरी होजना तडे गेले असतील तर तेही. टायरवर नक्षी भरपूर दिसली तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा. पहिले दोन आकडे उत्पादनाचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. टायमिंग बेल्ट रबराचा आहे, त्याचा इतिहास माहीत नसेल तर नवा टाकावा. टाकीतले शिळे पेट्रोल काढून टाकावे. यात विजेचा काही संबंध नाही, तरी हे झाल्याशिवाय सेल्फ मारू नये.

मग बॅटरी. १२ व्होल्टची पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही तास विश्रांती मिळाल्यावर १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी आतून सल्फेटने भरलेली असते. चार्जरवर ती व्होल्टेज दाखवते, सेल्फ मारताच कोसळते. इंजिन चालू असताना तिच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर अल्टरनेटर ठीक समजायचा. एवढ्यावर न थांबता मीटर एसीवर फिरवावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त एसी दिसला तर आतला एखादा डायोड गेलेला असण्याचा संभव आहे. ही चाचणी गॅरेजमध्ये सहसा कोणी करत नाही. तिथे रूढ असलेली चाचणी म्हणजे चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल उपसणे. ती कधीही करू नये. भार अचानक सुटला की अल्टरनेटरमधून क्षणभर कित्येक पट व्होल्टेजचा झटका बसतो आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळतात.

दुर्लक्षित गाडीतले बहुतेक विद्युतदोष मात्र सुट्या भागांत नसतात, जोडांत असतात, त्यातही अर्थिंगमध्ये. गाडीत प्रत्येक दिव्याला वायर एकच जाते, परतीचा प्रवाह पत्र्यातून येतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिन-गिअरबॉक्सला जाणाऱ्या पट्ट्या गंजल्या की सेल्फ ‘टक’ असा आवाज करून थांबतो. मालक नवी बॅटरी आणतो. दोन दिवस बरे जाते, मग पुन्हा तेच. इलेक्ट्रॉनिक्सवालाही इथे फसू शकतो, कारण त्याच्या हातातला मीटर कंटिन्युइटीची शिट्टी वाजवून सगळे ठीक असल्याचे सांगतो. सेल्फ शंभराच्या आसपास अँपिअर ओढतो. जोडात फक्त ०.०२ ओहम रोध असला तरी तिथेच २ व्होल्ट खर्ची पडतात, आणि एवढा रोध साध्या मीटरला दिसतच नाही. त्याच्या स्वतःच्या प्रोबचा रोध त्याहून जास्त असतो. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत हवा. दीड-दोन दिसले तर पट्टी काढावी, दोन्ही टोकांचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करावा, बोल्ट कसून वर ग्रीस लावावे. जुन्या गाडीच्या दुरुस्तीत याइतकी स्वस्त आणि फलदायी चाचणी दुसरी नाही.

मागच्या दिव्यांच्या घरात हाच दोष गमतीदार रूप घेतो. पावसाचे पाणी आत शिरून होल्डरच्या अर्थचा पत्रा गंजलेला असतो. ब्रेक दाबला की त्या बाजूचा इंडिकेटर मंद उजळतो. इंडिकेटर लावला की पार्किंगचा दिवा त्याच्या तालावर लुकलुकतो. परतीची वाट बंद झाल्याने प्रवाह शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरून पलीकडून अर्थ शोधत असतो. वायरी कुठे चिकटल्या म्हणून अख्खी वायरिंग उसवणारे लोक आहेत; खरा इलाज एक स्क्रू साफ करणे हा असतो.

हेडलाइट पिवळट पडण्याचे कारणही असेच. एच४ बल्बची ५५ वॅटची बाजू दोन्हीकडे लागली की साधारण ९ अँपिअर वाहतात. जुन्या स्विचच्या आणि बारीक वायरींच्या वाटेत व्होल्ट-दीड व्होल्ट सहज हरवतो. व्होल्टेज १० टक्के घटले की फिलामेंटचा उजेड सुमारे ३० टक्के घटतो. जास्त वॅटचे बल्ब घालणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने होल्डर वितळतो. रिले बसवावा: ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड वायर, ८७ वरून बल्ब, ८५ आणि ८६ मध्ये कॉइल. जुन्या स्विचला मग फक्त कॉइलचा किरकोळ प्रवाह सांभाळायचा असतो. अशा वायरींना सोल्डर करण्याचा मोह मात्र आवरावा. गाडी थरथरते, सोल्डर शोषलेली वायर जिथे ताठपणा संपतो तिथे तुटते. योग्य मापाची लग चांगल्या क्रिम्परने दाबून त्यावर हीटश्रिंक चढवणे अधिक टिकाऊ.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर मीटर १० अँपिअरच्या रेंजवर निगेटिव्हच्या मार्गात जोडावा आणि एकेक फ्यूज काढत आकडा केव्हा पडतो ते पाहावे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. अर्धा अँपिअर गळत असेल तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी होते. गुन्हेगार बहुधा नंतर कोणीतरी ‘डायरेक्ट’ जोडलेला स्टीरिओ किंवा स्वस्तातला अलार्म असतो.

कार्बोरेटरऐवजी इंधन इंजेक्शन असलेल्या एमपीएफआय मॉडेलमध्ये इंजिन सांभाळणारा संगणक, म्हणजे ईसीयू, येतो आणि छंदिष्टाला ओळखीचे घटक भेटतात. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर: २० अंशांना दोन-अडीच किलोओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास ओहम. भांड्यातल्या गरम पाण्यात बुडवून तो घरीच तपासता येतो. थ्रॉटलचा सेन्सर हा पोटेन्शिओमीटर. पेडल हळूहळू दाबताना व्होल्टेज मध्येच उडी घेत असेल तर आतला कार्बनचा पट्टा झिजला आहे. सेन्सर बदलण्याआधी कनेक्टरच्या पिना पाहाव्यात, आणि उंदरांनी वायर कुरतडली नाही ना हेही. आपल्याकडे तो दोष ईसीयूच्या बिघाडापेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

गाडीत स्वतःचे सर्किट बसवायचे तर बॅटरीजवळ फ्यूज आणि प्रवेशालाच व्होल्टेजचे झटके अडवणारा टीव्हीएस डायोड हवा. ७८०५ हा रेग्युलेटर वापरून १४ व्होल्टचे ५ करताना अर्ध्या अँपिअरला साडेचार वॅट नुसती उष्णता होते. तिथे बक कन्व्हर्टरच योग्य.

सामान शोधायला फार फिरावे लागत नाही. इलेक्ट्रॉनिक भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. गाडीच्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. केलेला प्रत्येक बदल वायरींच्या रंगांसह कागदावर उतरवून तो कागद गाडीच्या कप्प्यात ठेवावा. पुढच्या कारागिराला तो पुस्तकाहून उपयोगी पडतो. गाडीला १५ वर्षे झाली असतील तर आरटीओत तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो.