जुना टर्नटेबल घेताय? पैसे मोजायच्या आधी एवढं तपासाच

माळा आवरताना आजोबांच्या रेकॉर्ड्सचं खोकं सापडतं. धूळ पुसल्यावर आतून भीमसेन जोशी निघतात, बाबूजी निघतात, लताबाई निघतात. पण वाजवायचं कशावर? घरातला प्लेअर कधीच भंगारात गेलेला असतो. मग आपण मुंबईच्या चोर बाजारात नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारतो, एक देखणा टर्नटेबल दिसतो आणि विकणारा म्हणतो, "चालू कंडिशन आहे, साहेब."

मीही हेच ऐकून पहिला टर्नटेबल घेतला होता. थाळी फिरत होती, आवाजही येत होता. पण घरी आल्यावर प्रत्येक गायकाचा गळा बसल्यासारखा वाटायला लागला. दोष गायकांचा नव्हता, विजेचा होता. तो मुद्दा पुढे येईलच.

आधी प्रकार समजून घ्या

थाळी कशी फिरते यावरून टर्नटेबलचे तीन मुख्य प्रकार पडतात.

पहिला आयडलर. यात मोटर रबरी चाकाला फिरवते आणि ते चाक थाळीला. जुने गॅरार्ड बहुतेक याच पद्धतीचे. यातलं रबर कडक झालं की घरघर ऐकू येते.

दुसरा बेल्टवाला. मोटर आणि थाळीमध्ये रबरी पट्टा असतो. थोरेन्सचा टीडी १६० हे यातलं गाजलेलं नाव. पट्टा सैल झाला किंवा वितळून चिकट झाला तरी घाबरू नका, तो बदलता येतो. नवशिक्यांना दुरुस्तीसाठी हा प्रकार सगळ्यात सोपा.

तिसरा डायरेक्ट ड्राइव्ह. यात थाळी थेट मोटरवरच बसते. १९७२ साली आलेला टेक्निक्सचा एसएल-१२०० याच जातीचा. हे दणकट असतात, पण आतलं सर्किट बिघडलं तर जाणकार मेकॅनिकच लागतो.

आणि आपल्याकडे घरोघरी दिसणारे एचएमव्हीचे फिएस्टा, कॅलिप्सो? आठवण म्हणून जरूर घ्या. पण अशा पेटीवजा प्लेअरमध्ये सहसा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याची सुई रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम वजनाने दाबते. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला साधारण दोन ग्रॅम पुरतात. जड आणि त्यात झिजलेली सुई रेकॉर्डची खाच कापत जाते. मशीन दुरुस्त होतं, खाच होत नाही.

दुकानात उभं राहून काय तपासायचं?

१. थाळीच्या मधला दांडा हलवून पाहा. डगडगत असेल तर बेअरिंग झिजलंय. सोडून द्या.

२. सुई धरणारा दांडा, म्हणजे टोनआर्म, बोटाने अलगद फिरवा. तो कुठेही न अडकता फिरला पाहिजे.

३. टोनआर्मच्या मागचं वजन जागेवर आहे का बघा. ते हरवलं असेल तर दुसऱ्या मॉडेलचं वजन सहसा चालत नाही.

४. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवून फेरे मोजा. एलपीचा वेग मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे झाले पाहिजेत.

आता माझ्या फसगतीची गोष्ट

मी घेतलेला टर्नटेबल अमेरिकेतून आलेला होता. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मी ट्रान्सफॉर्मर लावला आणि निश्चिंत झालो. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. जुन्या एसी मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो. त्यामुळे १०० फेऱ्यांच्या जागी ८३ च पडत होते आणि काळी तीनमधलं गाणं जवळपास काळी दोनमध्ये ऐकू येत होतं. उपाय होता ५० हर्ट्झची पुली. ती शोधण्यात दोन महिने गेले. म्हणून परदेशी मशीन दिसलं की मागची पट्टी वाचा. '५०' किंवा '५०/६०' लिहिलंय का ते बघा.

घरी आणल्यावर

लगेच प्लग लावू नका. वायर तडकली असेल तर आधी ती बदलून घ्या. ऑटोमॅटिक मशीनमध्ये बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे घट्ट झालेलं जुनं ग्रीस. ते पुसून नवीन लावलं की कित्येक 'मेलेली' मशीन्स परत चालू होतात. मग पट्टा बदला. आणि सुई? विकणारा काहीही सांगो, नवीनच घ्या. म्हणून खरेदीआधीच त्या कार्ट्रिजची सुई बाजारात मिळते का ते बघून ठेवा. टर्नटेबलच्या किमतीत सुईचा खर्च मिळवूनच सौदा करा.

मॅग्नेटिक कार्ट्रिजचा सिग्नल अगदी बारीक, काही मिलिव्होल्टचाच असतो. त्यामुळे थेट स्पीकरला जोडलं तर आवाज कुजबुजल्यासारखा येतो. मध्ये फोनो प्रीअँप लागतो. तोही बजेटमध्ये धरा.

शेवटचं एक. खोक्यात ७८ च्या जुन्या जड रेकॉर्ड्स असतील तर त्या एलपीच्या सुईवर वाजवू नका. त्यांची खाच कितीतरी रुंद असते, त्यासाठी वेगळी जाड सुई मिळते. आणि त्या अल्कोहोलने पुसू तर अजिबात नका. त्या लाखेपासून बनलेल्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

टर्नटेबल आज नाही तर पुढच्या रविवारी दुसरा मिळेल. आजोबांच्या खोक्यातली रेकॉर्ड मात्र एकच आहे.