विमान का पडते?

विमान पडले, अशी बातमी ऐकली की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, "इंजिन बंद पडले असेल का?" पुष्कळांना वाटते, की यंत्र बिघडल्याशिवाय विमान पडत नाही. पंख तुटला असेल, आग लागली असेल, असे काहीतरी भयंकर घडले असणार, असे आपण धरून चालतो. पण लहान विमानांच्या अपघातांची चौकशी होते, तेव्हा बहुतेक वेळा निराळेच आढळते. इंजिन चालू होते, पंख शाबूत होते. चूक माणसाकडून झाली होती. कधी कधी तर विमान जमिनीवर उभे असतानाच ती होऊन गेलेली होती.

लहान विमान कसे असते, ते आधी पाहू. दोन किंवा चार माणसे बसतील एवढेच ते असते. पुढच्या टोकाला एक इंजिन आणि एक फिरणारा पंखा असतो. आपल्या राज्यात गोंदिया व धुळे येथे वैमानिकांना शिकवतात, तिथे अशी विमाने उडताना दिसतात. मोठ्या प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात. हवामान पाहणारी, वजन मोजणारी, इंधनाचा हिशेब ठेवणारी माणसेही वेगवेगळी असतात. लहान विमानात ही सारी कामे बहुधा एकच माणूस करतो. त्याची तयारी कच्ची राहिली, तर ते दुसऱ्या कोणाच्या लक्षात येत नाही.

अमेरिकेत १९९६ साली घडलेली एक घटना जगभर गाजली. जेसिका डुब्रॉफ ही सात वर्षांची मुलगी विमान चालवायला शिकत होती. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत विमान नेणारी सर्वांत लहान मुलगी, असा विक्रम तिने करावा अशी योजना होती. कायद्याने ती वैमानिक नव्हती. सगळी जबाबदारी तिच्या शेजारी बसलेल्या प्रशिक्षकावर होती. मागे तिचे वडील बसले होते. आठ दिवसांचा कार्यक्रम आधीच आखलेला होता. वर्तमानपत्रे आणि दूरदर्शनचे लोक या प्रवासाकडे डोळे लावून बसले होते.

१० एप्रिल रोजी ते तिघे पॅसिफिक महासागराच्या काठावरील हाफ मून बे येथून निघाले. संध्याकाळी वायोमिंग राज्यातील शायेन या शहरात उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस पडत होता. वाऱ्याचे झोत येत होते आणि वादळी ढग विमानतळाकडे सरकत होते. तरीही निघायचे ठरले. इंजिन सुरू केले, तेव्हा पुढच्या चाकाला लावलेला ठोकळा तसाच राहिला होता. इंजिन बंद करून तो काढावा लागला. ही गोष्ट तशी किरकोळ, पण मन किती घाईत होते ते तिच्यावरून कळते.

आता त्या विमानावर कोणकोणती संकटे एकत्र आली होती, ते समजून घेऊ. शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १८७५ मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे. म्हणजे ती धावपट्टीच कळसूबाईच्या वर आहे! एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी होते. पंखांनाही विमान उचलून धरण्यासाठी अधिक वेग लागतो. समुद्राकाठी जे विमान सहज वर चढते, ते इथे सावकाश, रेटत रेटत चढते. प्रशिक्षकाला समुद्राकाठच्या दाट हवेची सवय होती. त्यातच विमानात ठरलेल्या मर्यादेपेक्षा चाळीसेक किलो वजन जास्त होते. आपल्याला चाळीस किलो म्हणजे फार वाटत नाही. जमिनीवर ते फार नसतेही. पण विरळ हवा, पाऊस आणि वाऱ्याचे झोत यांच्या जोडीला आले, की तेच ओझे भारी होते.

विमान उडाले, वळू लागले आणि त्याचा वेग घटला. वेग घटला आणि नाक वर राहिले, की पंखांवरून हवा नीट वाहत नाही. पंखांची उचलून धरण्याची शक्ती एकाएकी नाहीशी होते. इंजिन चालू असले तरी मग विमान दगडासारखे खाली येते. तसेच झाले. विमानतळाजवळच्या वस्तीतील रस्त्यावर ते कोसळले आणि तिघेही मरण पावले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. बिघडत्या हवामानात, जास्त वजन घेऊन, सवय नसलेल्या उंचीवरून निघण्याचा निर्णय चुकीचा होता, असे मंडळाने म्हटले. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पाडण्याची इच्छाही अपघाताला कारण झाली, असेही नोंदवले. सात वर्षांच्या मुलीला यातले किती कळणार? निर्णय घेणाऱ्या मोठ्या माणसांनी "आज नको, उद्या जाऊ" असे ठरवले असते, तर एक दिवस गेला असता, एवढेच. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला, की परवाना नसलेल्या व्यक्तीला विक्रमासाठी विमान चालवू द्यायचे नाही.

चांगला वैमानिक उड्डाणाच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. वाटेत व मुक्कामाला हवामान कसे आहे? माणसांचे व सामानाचे वजन किती? एवढ्या वजनाला, आजच्या उष्म्यात, ही धावपट्टी पुरेल का? इंधन किती लागेल? अमेरिकेतील नियम असा आहे, की मुक्कामाला पोहोचल्यावरही दिवसा निदान तीस मिनिटे आणि रात्री पंचेचाळीस मिनिटे उडता येईल एवढे इंधन शिल्लक असले पाहिजे. "अंदाज" हा शब्द तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. उर्दूत तो आहेच, मराठीतही आहे. स्वयंपाकात मीठ अंदाजाने घातले तर चालते. इंधनाच्या बाबतीत मात्र वैमानिकाने या शब्दाशी मैत्री करू नये. तो टाकीत पट्टी बुडवून इंधन मोजतो. टाकीच्या तळातून थोडे इंधन एका पारदर्शक भांड्यात काढून पाहतो. त्यात पाणी मिसळले असेल, तर ते जड असल्यामुळे खाली बसते व लगेच दिसते. मग विमानाभोवती फिरून पंख, चाके, शेपटी हात लावून तपासतो.

हे सगळे तो आठवणीवर सोडत नाही. त्याच्या हातात एक यादी असते. ती वाचायची आणि एकेक गोष्ट तपासायची. या यादीलाही इतिहास आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीच्या चार इंजिनांच्या नव्या विमानाची चाचणी होती. विमान उभे असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून त्यांना अडकण लावतात. ती काढायची राहून गेली. विमान सरळ वर चढत गेले आणि कोसळले. दोघांचा जीव गेला. चालवणारा नवशिका नव्हता, मोठा अनुभवी वैमानिक होता. तेव्हापासून वैमानिकांना छापील यादी देण्याची पद्धत रूढ झाली. अनुभवी माणसाला यादीची गरज नसते, असे कोणी म्हणाले, तर त्याला ही हकीकत सांगावी.

तयारी पक्की झाली, विमान आकाशात गेले, तरी काम संपत नाही. आता प्रश्न येतो लक्षाचा. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री एक मोठे प्रवासी विमान अमेरिकेतील मायामी शहरी उतरणार होते. पुढचे चाक खाली आले की चालककक्षात एक हिरवा दिवा लागतो. तो लागला नाही. वैमानिकांनी विमान दोन हजार फुटांवर नेले, ते स्वयंचलित यंत्रावर सोपवले आणि दिवा तपासू लागले. चालककक्षात चार जाणकार माणसे होती. चौघेही त्या दिव्याच्या आणि चाकाच्या मागे लागले. हात किंवा कोपर लागून यंत्राची उंची राखण्याची कळ सुटली असावी. विमान हळूहळू खाली येऊ लागले. इशाऱ्याची घंटी वाजली, ती कोणी ऐकली नाही. बाहेर दलदलीचा काळोख होता. शेवटच्या क्षणी उंची कमी झाल्याचे कळले, पण उशीर झाला होता. विमानातील १७६ जणांपैकी १०१ जण दगावले. चाक तर नीट खाली आलेलेच होते. दिव्यातला बल्ब तेवढा गेला होता!

चार माणसांच्या बाबतीत असे होते, मग एकट्या वैमानिकाची गोष्ट काय सांगावी? ३१ मे २०१४ च्या पहाटे, अंधारातच, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात दोन आसनांचे एक विमान पडले. दोघे मरण पावले. अवशेषांजवळ एक छोटा कॅमेरा सापडला. शेवटच्या उड्डाणाचे चित्र त्यात नव्हते, पण आधीच्या उड्डाणांची होती. वैमानिक आणि त्याच्याबरोबरचे प्रवासी मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत होते. एकदा तर रात्री विमान वर चढत असतानाच मोबाइलचा झगझगीत प्रकाश पडलेला दिसत होता. शेवटच्या उड्डाणातही मोबाइलनेच वैमानिकाचे लक्ष वेधले असावे, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने काढला.

फोटो काढल्याने विमान कसे पडेल, असे तुम्ही विचाराल. वीज गेल्यावर आपले डोळे हळूहळू अंधाराला सरावतात. तेवढ्यात कोणी तोंडावर बॅटरी मारली, तर पुन्हा काहीच दिसत नाही. रात्री उडणाऱ्याचेही तसेच होते. दुसरी गोष्ट कानाची. कानाच्या आत बारीक वाकड्या नळ्या असतात व त्यांत द्रव असतो. आपण वळतो, तेव्हा तो द्रव हलतो आणि मेंदूला कळते. पण विमान सावकाश, एकसारखे वळत राहिले, तर काही वेळाने हा द्रव स्थिर होतो. ढगात किंवा काळोखात क्षितिज दिसत नाही. त्यामुळे आपण सरळ चाललो आहोत, असेच वैमानिकाला वाटते. प्रत्यक्षात विमान एका कुशीवर कलत, वळत खाली जात असते. खरी स्थिती समोरच्या यंत्रांवर दिसते. पण ती पाहण्यासाठी डोळे त्यांच्यावर असावे लागतात, मोबाइलवर नव्हे.

अमेरिकेत १९८१ साली प्रवासी विमान कंपन्यांसाठी एक नियम झाला. विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना चालककक्षात कामाशिवाय दुसरे बोलायचे नाही. खाजगी लहान विमानाला हा नियम लागू नाही. ते तर सहसा दहा हजार फुटांच्या वर जातच नाही! म्हणून जाणते वैमानिक तो स्वतःपुरता पाळतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी शेजारच्या प्रवाशाला ते सांगतात, "मी सांगेपर्यंत माझ्याशी बोलू नका. फक्त दुसरे विमान दिसले, तर लगेच बोट दाखवा." मग मोबाइल बंद करून बाजूला ठेवतात, यादी उघडतात आणि पहिली ओळ वाचतात.